रक्तातील सफाई कामगार : हजेरीपट नको, काम तपासा!

खुलताबाद म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर दर्गे, मकबरे आणि म्हैसमाळचा डोंगर उभा राहतो. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरपासून पंचवीसेक किलोमीटरवरचे हे गाव. मलिक अंबर येथेच विसावला आहे. औरंगजेबाची कबर येथेच आहे. याच तालुक्यात वेरूळची लेणी आहेत आणि त्यांपैकी पहिली बारा लेणी बुद्धाची आहेत. परंतु आज आम्हाला इतिहासावर लिहायचे नाही. आज आम्हाला एका मजुराच्या हातातील कागदावर लिहायचे आहे.

जयंतीच्या महिन्यात तालुक्यातील एका वस्तीत रक्ततपासणी शिबिर झाले. आम्ही तेथे गेलो होतो. रिपोर्ट वाटण्याचे काम चालले असताना गवंडीकाम करणारे एक मामा आमच्याजवळ आले. पन्नाशी ओलांडलेले, हातपाय काटक, पोट मात्र जरा सुटलेले. बहात्तरच्या दुष्काळात जन्मलेला हा माणूस. कागद पुढे करून ते म्हणाले, "भाऊ, वाईट कोलेस्टेरॉल जास्त असतं म्हणून ऐकलं व्हतं. माझं तर चांगलंच कमी निघालं! म्या तूप खात न्हाई, मटण महिन्यातून एकदा. मग हे कमी कसं झालं? आन् हे चांगलं कोलेस्टेरॉल मिळतं कुठं?"

आम्ही कागद पाहिला. एचडीएल ३१. पुरुषांमध्ये ते ४० च्या वर आणि स्त्रियांमध्ये ५० च्या वर असावे, असे मानले जाते. ट्रायग्लिसराइड २४०, म्हणजे १५० च्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त. मामांनी मग पिशवीतून एक डबा काढला. कुणा एजंटाने तीन दिवसांच्या मजुरीएवढ्या किमतीला तो त्यांच्या गळ्यात मारला होता. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'नॅनो' असे छापलेले होते आणि त्या पावडरीने चांगले कोलेस्टेरॉल वाढते, असे त्यांना सांगण्यात आले होते.

मामांच्या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता आले नाही. म्हणून हा लेख. कारण हा प्रश्न एकट्या मामांचा नाही. हा आमच्या प्रत्येक वस्तीचा, प्रत्येक घराचा प्रश्न आहे, आणि ज्यांना विज्ञान कळत नाही त्यांना विज्ञानाच्या नावाने लुबाडणे फार सोपे असते.

प्रथम हे समजून घेऊ की एचडीएल म्हणजे काय. कोलेस्टेरॉल हा स्वतः शत्रू नव्हे. शरीरातील प्रत्येक पेशीच्या भिंतीला ते लागते, कित्येक संप्रेरके त्यापासूनच बनतात. पण ते तेलकट असल्यामुळे रक्तात विरघळत नाही. म्हणून शरीर त्याची ने-आण करण्यासाठी प्रथिने आणि स्निग्ध पदार्थांचे बारीक बारीक कण तयार करते. एलडीएल नावाचे कण कोलेस्टेरॉल शरीरभर पोहोचवतात. ते गरजेपेक्षा जास्त झाले की रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचते आणि तेथूनच हृदयविकाराची सुरुवात होते. एचडीएलचे कण याच्या उलट काम करतात. भिंतीत साचलेले कोलेस्टेरॉल उचलून ते यकृताकडे परत नेतात आणि पित्तावाटे त्याचा निचरा होतो.

म्हणजे एचडीएल हा रक्तातील सफाई कामगार आहे! आम्ही हा शब्द मुद्दाम वापरतो. या देशात ज्यांनी शतकानुशतके गावाची घाण उपसली त्यांनाच घाण मानले गेले. शरीर मात्र असला कृतघ्नपणा करत नाही. सफाई करणाऱ्याचे काम थांबले की हृदय थांबते, हे शरीराला ठाऊक आहे.

आता 'नॅनो' या शब्दाकडे वळू. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. एचडीएलचा कण असतो अवघा ७ ते १२ नॅनोमीटरचा. एका केसाच्या जाडीत असे सुमारे आठ हजार कण एका ओळीत मावतील! याचा अर्थ असा की निसर्गाने स्वतःच बनवलेला नॅनोकण आमच्या प्रत्येकाच्या रक्तात, बिनपैशाचा, अहोरात्र राबतो आहे. तो डब्यात मिळत नाही. तो तोंडाने खाता येत नाही. त्याचे मुख्य प्रथिन यकृत आणि आतडे बनवतात, आणि कोणतेही प्रथिन आपण गिळले की पोटात त्याचे तुकडे होतात. भाजीपाल्यात किंवा शेंगदाण्याच्या तेलात 'चांगले कोलेस्टेरॉल' असते असे जे सांगितले जाते, तेही खरे नाही. वनस्पतीत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. आहार एवढेच करू शकतो की हा कण नीट घडावा आणि त्याने नीट काम करावे, यासाठी शरीराला मदत करणे. पण ही मदत फार मोठी आहे.

या कणाचा शोध तसा जुना आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मिशेल माशबफ या शास्त्रज्ञाने १९२९ मध्ये घोड्याच्या रक्तद्रवातून तो प्रथम वेगळा केला. पुढे अमेरिकेत जॉन गॉफमन यांनी अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रांच्या साहाय्याने रक्तातील हे कण घनतेनुसार निरनिराळे केले. १९४८ पासून अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावच्या लोकांची हृदयतपासणी वर्षानुवर्षे चालू होती. त्यातून १९७७ मध्ये असे दिसले की ज्यांचे एचडीएल कमी त्यांना हृदयविकार जास्त. तेव्हापासून 'चांगले कोलेस्टेरॉल' हा शब्द घरोघरी गेला आणि औषध कंपन्यांनी एकच हिशोब मांडला. आकडा वाढवा, रोग टळेल!

पण हा हिशोब सपशेल चुकला. एचडीएल वाढवणारे टॉरसेट्रापिब नावाचे औषध सुमारे १५ हजार रुग्णांवर तपासले जात होते. त्याने आकडा भरघोस वाढवला, पण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त होत असल्याचे दिसले आणि डिसेंबर २००६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. नियासिन या दुसऱ्या औषधाची २५ हजारांहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. आकडा वाढला, हृदयविकार कमी झाला नाही, दुष्परिणाम तेवढे पदरी पडले. २०१२ मध्ये आनुवंशिकतेच्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले की जन्मतःच ज्यांचे एचडीएल थोडे जास्त असते अशा काही लोकांना त्याचा म्हणावा तसा फायदा मिळत नाही.

आणि याच्या उलट उदाहरण पाहा. इटलीत गार्डा सरोवराच्या काठी लिमोने नावाचे हजारभर वस्तीचे छोटे गाव आहे. तेथील काही कुटुंबांत एचडीएलचा आकडा अतिशय कमी आढळला. डॉक्टरांच्या हिशोबाने या लोकांना हृदयविकाराने ग्रासायला हवे होते. प्रत्यक्षात त्यांच्या रक्तवाहिन्या ठणठणीत! तपासाअंती कळले की त्यांच्या एचडीएलमधील मुख्य प्रथिनात एक छोटासा आनुवंशिक बदल आहे. मिलान शहरातील शास्त्रज्ञांनी तो १९८० च्या सुमारास शोधला म्हणून त्याला 'मिलानो' हे नाव पडले.

यातून कोणता बोध घ्यायचा? आमच्या सफाई कामगार बांधवांना तो लगेच कळेल. नगरपालिकेच्या हजेरीपटावर शंभर नावे आहेत म्हणून शहर स्वच्छ होत नाही. त्यांच्या हातात झाडू आहे काय? हातमोजे आहेत काय? गाडी आहे काय? पोटात अन्न आहे काय? हजेरीपटावर नावे वाढवून, पण साधने काढून घेऊन, कोणी शहर स्वच्छ झाल्याचे जाहीर केले तर आम्ही हसू. रक्ताच्या बाबतीत वैद्यकशास्त्र अनेक दशके नेमके हेच करत होते. लॅबच्या कागदावरील एचडीएलचा आकडा हा हजेरीपट आहे. तो फक्त त्या कणांत किती कोलेस्टेरॉल भरले आहे एवढेच सांगतो. ते कण किती आहेत, केवढे आहेत, त्यांच्यावर कोणती प्रथिने बसली आहेत, ते काम करतात की नाही, यांपैकी काहीच तो सांगत नाही.

येथेच नॅनोविज्ञानाचा खरा उपयोग सुरू होतो. डब्यावर छापण्यासाठी नव्हे, तर पाहण्यासाठी! इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या कणांचे आकार दिसतात. चुंबकीय अनुनादाच्या तंत्राने मोठे किती, मध्यम किती, लहान किती हे मोजता येते. प्रथिने मोजणाऱ्या यंत्रांनी असे दाखवले आहे की एचडीएलच्या कणांवर मिळून ऐंशीहून अधिक प्रकारची प्रथिने सापडतात. काही कोलेस्टेरॉल उचलतात, काही एलडीएलला गंजू देत नाहीत, काही सूज आवरतात, काही जंतूंशी लढतात. म्हणजे ही एक माणसाची नोकरी नव्हे, हे पूर्ण खाते आहे.

कामाची परीक्षाही आता घेता येते. पेशीतून कोलेस्टेरॉल किती उपसले जाते हे प्रयोगशाळेत मोजण्याची पद्धत अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी २०११ मध्ये हृदयरुग्णांवर वापरून दाखवली. २०१४ मध्ये डॅलस शहरातील २ हजार ९२४ निरोगी लोकांच्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. ज्यांच्या एचडीएलची उपसण्याची ताकद सर्वांत जास्त, त्यांना सर्वांत कमी ताकद असणाऱ्यांच्या तुलनेत पुढील नऊएक वर्षांत हृदयविकार व पक्षाघाताचा धोका ६७ टक्क्यांनी कमी होता. आणि विशेष म्हणजे, इतर कारणे वजा केल्यावर नुसत्या आकड्याचा या धोक्याशी संबंध दिसला नाही! हजेरीपट एका बाजूला राहिला, काम मात्र बोलले.

शास्त्रज्ञांनी कृत्रिम एचडीएल बनवण्याचेही प्रयत्न केले. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २००९ मध्ये ५ नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणाभोवती प्रथिन आणि स्निग्ध थर चढवून एचडीएलसारखा कण तयार झाला. माणसाच्या रक्तातून काढलेले मुख्य प्रथिन हृदयविकाराचा झटका आलेल्यांना शिरेतून देऊन पाहण्याची, १८ हजारांहून अधिक रुग्णांची चाचणीही झाली. २०२४ मध्ये तिचा निकाल लागला. ठरवलेल्या ९० दिवसांत धोका लक्षणीय कमी झाला नाही. कोट्यवधींचा खर्च करूनही बाहेरून कामगार आणणे अजून जमलेले नाही. मग शरीरातल्याच कामगाराला जगवण्याकडे लक्ष द्यायला नको काय?

हा कामगार आजारी कसा पडतो, ते आता पाहू. शरीरात सूज सतत राहिली की एचडीएलवरील मुख्य प्रथिनाला ढकलून तेथे सूजेचे प्रथिन येऊन बसते. मधुमेहात वाढलेली साखर या कणांच्या प्रथिनांना चिकटते आणि त्यांचे हातच बांधले जातात. बिडी-सिगारेटने आकडाही घटतो आणि कामही घटते. आणि मामांना पडलेले कोडे, तूप नाही, मटण नाही, तरी एचडीएल कमी कसे, त्याचे उत्तर येथे आहे. भात, पांढरा मैदा, साखर यांचा मारा जास्त झाला की यकृत त्याचे ट्रायग्लिसराइड बनवते. हे ट्रायग्लिसराइड रक्तात एचडीएलच्या कणात शिरते आणि त्यातील कोलेस्टेरॉल बाहेर पडते. असा बिघडलेला कण लहान होतो आणि शरीर त्याला लवकर मोडीत काढते. म्हणजे तूप न खाणाऱ्या गरिबाचे एचडीएल कमी होण्यात नवल काहीच नाही. मामांच्या दिवसाचा हिशोब आम्ही विचारला. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी भातावर पातळ वरण, कामावर तीन-चार वेळा साखरेचा चहा, रात्री चपाती किंवा भात, आणि अधूनमधून बिडी. मामांचा कागद त्यांच्या ताटाची नक्कल होता!

ही केवळ एका गवंड्याची गोष्ट नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीत महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथील लोकांच्या रक्तातील स्निग्ध पदार्थ तपासले गेले. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. ७२.३ टक्के लोकांचे एचडीएल कमी होते! एलडीएल जास्त असलेले फक्त ११.८ टक्के. म्हणजे आमच्या देशाचा सर्वांत मोठा बिघाड सफाईच्या खात्यात आहे, आणि टीव्हीवरील तेलाच्या जाहिराती मात्र आम्हाला दुसऱ्याच गोष्टीची भीती घालत राहिल्या.

असे का? उत्तर पुण्याच्या परिसरातच सापडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. त्या गावांतील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. आमची बाळे लहान, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. बाहेरून बारीक, आतून चरबी! उपाशी आईच्या पोटात वाढणारे बाळ टंचाईच्या जगासाठी तयार होते. पुढे त्याला भात, साखर आणि तळण यांचे जग मिळाले की मधुमेह आणि बिघडलेले रक्त त्याच्या वाट्याला येते. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींच्या नाकेबंदीमुळे उपासमार झाली. त्या काळात गर्भाच्या पहिल्या महिन्यांत असलेली माणसे पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्या रक्तातील एलडीएल आणि एचडीएलचे प्रमाण इतरांपेक्षा बिघडलेले आढळले.

आता बहात्तरचा मराठवाडा आठवा. दुष्काळी कामांवर दगड फोडणाऱ्या आमच्या मायबहिणी, हातात सुकडी, घरात मिलो ज्वारी. त्यांच्या पोटी जन्मलेली पिढी आज पन्नाशीत आहे. एका माणसाच्या रिपोर्टवर बोट ठेवून 'हे दुष्काळामुळेच' असे म्हणणे अवैज्ञानिक ठरेल. पण पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या ताटातून चांगले अन्न हिरावले गेले, त्यांच्या रक्तात त्याची नोंद राहते, हे म्हणायला विज्ञानाचा आधार आहे. अन्याय फक्त सातबाऱ्यावर आणि शाळेच्या दाखल्यावर राहत नाही. तो रक्तातही उतरतो.

मग करायचे काय? प्रथम ताटाचा विचार. स्पेनमधील एका मोठ्या आहार-अभ्यासात २९६ जणांच्या एचडीएलचे काम वर्षभराच्या अंतराने तपासले गेले. २०१७ मध्ये त्याचा निष्कर्ष आला. कडधान्ये, भाज्या, फळे, मासे आणि त्यासोबत शुद्ध ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांच्या एचडीएलची कोलेस्टेरॉल उपसण्याची ताकद वाढली. अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पोट सुटलेल्या व रक्त बिघडलेल्या लोकांना पिष्टमय पदार्थ कमी करून बारा आठवडे रोज तीन पूर्ण अंडी दिली, तेव्हा त्यांच्या एचडीएलचे कण मोठे झाले. म्हणजे आहाराने या नॅनोकणाची घडण बदलते, हे सिद्ध झालेले आहे. ज्यांना मधुमेह किंवा हृदयविकार आहे त्यांनी अंडी किती खायची, हे मात्र डॉक्टरांनाच विचारावे.

ऑलिव्ह तेल खुलताबादच्या किराणा दुकानात शोधण्याची गरज नाही. असंपृक्त स्निग्धता शेंगदाण्यात आहे, तिळात आहे, मराठवाड्याच्या रब्बीत ज्वारीसोबत डोलणाऱ्या करडईत होती. जवसाच्या चटणीत ओमेगा-३ गटातील स्निग्धाम्ल आहे. तूर, मूग, मटकी, हरभरा, अंबाडी, मेथी, शेपू हे सर्व आमचेच. मराठवाड्यातील महार-मांग समाजाच्या जेवणाची नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात २०१५ मध्ये केली, तेव्हा या ताटाकडे अभ्यासाच्या नजरेने पाहण्याची वाट मोकळी झाली. आज करडई मागे हटली, शेतात सोयाबीन आले. ते सोयाबीन कारखान्यात जाते आणि ताटात स्वस्त तळणाचे तेल येते.

मात्र 'आजीची भाकरी खा, सगळे बरे होईल' असा भाबडा प्रचार आम्ही करणार नाही. इंडियाब पाहणीने २०२५ मध्ये दाखवून दिले की भारतीय माणसाच्या जेवणातील ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, आणि तांदळाऐवजी गहू किंवा भरडधान्य घेतले, पण एकूण पिष्ट तेवढेच ठेवले, तर मधुमेहाचा धोका घटलेला दिसत नाही. धान्य बदलणे पुरेसे नाही. धान्य थोडे कमी करून त्या जागी प्रथिने यायला हवीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सांगितले की धान्यातून ४५ टक्क्यांहून अधिक ऊर्जा नको. सरळ भाषेत, दोन भाकरी असतील तर दीड खा आणि वरण घट्ट करा.

ही गोष्ट आम्हाला नवी वाटू नये. कोसल देशाचा राजा पसेनदी द्रोणभर भात खाऊन धापा टाकत तथागतांकडे आला होता. तथागतांनी त्याला ना ताईत दिला, ना मंत्र. सावध राहून, मोजून जेव, एवढेच सांगितले. राजाने हळूहळू भात कमी केला आणि त्याचे शरीर हलके झाले. संयुत्त निकायातील ही कथा अडीच हजार वर्षांनंतर रक्ततपासणीच्या कागदावर खरी ठरते आहे.

आणखी तीन गोष्टी ठासून सांगतो. एक, वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट एलडीएल वाढवते आणि एचडीएल घटवते. नेदरलँड्समधील प्रयोगाने हे १९९० मध्येच दाखवले होते. आमच्या देशात तेला-तुपातील त्याची मर्यादा २ टक्क्यांवर यायला जानेवारी २०२२ उजाडले. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातील वडे-भजी मात्र नाक्यावर तशीच आहेत. दोन, दारूने एचडीएलचा आकडा वाढतो, हे खरे आहे. काही 'हुशार' मंडळी हेच सांगून ग्लास भरतात. पण आकडा म्हणजे काम नव्हे, हे आपण वर पाहिलेच. दारूने यकृत, घर आणि चळवळ, तिन्ही बुडतात. तीन, चालणे आणि बिडी सोडणे ही दोन्ही औषधे फुकट आहेत, म्हणूनच त्यांची जाहिरात कोणी करत नाही.

पण वाचकहो, सर्व दोष गरिबाच्या जिभेवर टाकून मोकळे होणाऱ्या डॉक्टरी उपदेशाशी आम्ही सहमत नाही. ताट कोण ठरवतो? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ, गहू यांच्याबरोबर भरडधान्याचेही नाव आहे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. पण पाच किलो धान्याच्या हक्कात डाळीचा हक्क नाही, तेलाचा नाही, अंड्याचा तर नाहीच. सरकारने पोटात पिष्ट भरले आणि भूक मिटल्याचे जाहीर केले. हाही हजेरीपटच! नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले. बाजूने-विरोधात गदारोळ झाला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा स्वतंत्र निधी बंद करण्यात आला. ज्यांच्या घरात रोज दूध-तूप आहे त्यांना एका अंड्याची किंमत कळणार नाही. ती झेडपीच्या शाळेतील आमच्या लेकरांना कळते. दुर्बळ आईच्या पोटी दुर्बळ लेकरू, हे चक्र पुण्याच्या अभ्यासाने दाखवले. ते तोडण्याची जागा दवाखाना नव्हे, शाळेचे आणि अंगणवाडीचे ताट आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. रेशनवर डाळ आणि तेल हक्काने मिळाले पाहिजे. शाळेत अंडे परत आले पाहिजे, जे अंडे खात नाहीत त्यांना तेवढ्याच प्रथिनांचा पर्याय मिळाला पाहिजे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उघडले ते मराठवाड्यातील मागासांच्या लेकरांनी ज्ञानाच्या दारात उभे राहावे म्हणून. आज त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात नॅनोटेक्नॉलॉजीचा विभाग आहे, शहरात 'घाटी' म्हणून ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या दोघांनी एकत्र येऊन मराठवाड्याच्या ताटाचा आणि मराठवाड्याच्या रक्ताचा अभ्यास हाती घ्यावा. घट्ट वरण, जवसाची चटणी आणि एक अंडे सहा महिने खाल्ल्यावर गवंड्याच्या, ऊसतोड मजुराच्या, आशाताईच्या एचडीएलचे काम किती सुधारते, हे स्पेनच्या नव्हे, खुलताबादच्या माणसावर मोजले गेले पाहिजे. आमच्या मुलामुलींनी हे विषय पीएचडीला घ्यावेत. संशोधन म्हणजे दुसऱ्यांनी केलेले वाचणे, एवढ्यावर समाधान मानू नये.

आणि समाजबांधवांनाही दोन शब्द. जयंतीच्या डीजेवर जेवढा खर्च होतो त्याचा काही भाग रक्ततपासणीवर करा. पण तपासणी करून कागद वाटले म्हणजे काम झाले असे समजू नका. तोही हजेरीपट ठरेल. सहा महिन्यांनी त्याच माणसांना पुन्हा बोलवा. एचडीएलच्या आकड्याइतकेच ट्रायग्लिसराइड, साखर आणि रक्तदाब पाहा. कमरेला टेप लावा. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांची ८० च्या वर असेल तर सावध व्हा. एचडीएलच्या कामाची परीक्षा अजून गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाही, पण या चार गोष्टी सुधारल्या तर आतला कामगारही सावरत असतो. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले आणि अवघ्या पासष्टाव्या वर्षी आपण त्यांना गमावले, हे विसरू नका. रात्रंदिवस समाजासाठी झिजणाऱ्या कार्यकर्त्याने स्वतःच्या देहाची हेळसांड करणे, हे त्यागाचे लक्षण मानण्याचे दिवस संपले पाहिजेत.

मामांना आम्ही त्या दिवशी सांगितले ते एवढेच. डबा परत करा, पैसे मिळतात का पाहा. भात निम्मा करा, वरण दुप्पट करा. चहातली साखर उतरवा. बिडी सोडा. ट्रायग्लिसराइड वाढलेले आहे, म्हणून घाटीत जाऊन डॉक्टरांना कागद दाखवा, आणि त्यांनी गोळ्या दिल्या तर कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. मामांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "वरण दुप्पट करायला सांगता भाऊ, पर तुरीचा भाव माहीत हाय का तुमाला?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. ते नॅनोविज्ञानाकडेही नाही. ते सरकारकडून मागून घ्यावे लागेल, आणि मागायला एकट्या मामांनी जाऊन चालणार नाही. आपण सर्वांनी जावे लागेल!